मान कुठे वळते? सरमिसळ वर्गात इतिहास शिकवताना

सातवीच्या वर्गात प्रतापगडाचा प्रसंग चालू होता. खान भेटीला आला, त्याने मिठी मारली, इथपर्यंत मी पोचले आणि खिडकीकडच्या रांगेतल्या चार-पाच मुलांनी मान वळवून मागच्या एका बाकाकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. त्या बाकावरचा मुलगा वहीच्या कोपऱ्यात पेनाने एकच गोल गिरवत राहिला, कागद फाटेपर्यंत. घंटा झाली. मी टाचण वहीत 'धडा पूर्ण' असं लिहून सही केली.

त्या दिवशी धडा पूर्ण झाला नव्हता, हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूच्या शाळेत मी एकवीस वर्षं इतिहास शिकवते आहे. माझ्या एका तुकडीत घाटावरून कारखान्यासाठी आलेल्या मराठा आणि बौद्ध कुटुंबांची नातवंडं असतात, चेंदणी कोळीवाड्यातली मुलं असतात, येऊरच्या पाड्यावरून येणारी एखादी वारली मुलगी, कोपरीतला सिंधी मुलगा, राबोडीतली मुस्लिम मुलं, जौनपूर-आझमगडकडच्या घरांतली, कच्छी, तेलुगू, मल्याळी. नवी मुंबईतल्या वर्गात यात आगरी गावठाण आणि माथाडी वसाहत मिसळा. अशा वर्गात इतिहास कसा घ्यावा, हे बीएडला कुणी शिकवत नाही. जे चुकत-माकत हाती लागलं ते जूनपासून मार्चपर्यंतच्या क्रमाने इथे मांडते आहे.

जूनमध्ये, पुस्तक उघडण्याआधी

पुस्तक हातात आलं की पेन्सिल घेऊन बसा. जिथे जिथे वर्गाची मान वळेल असं वाटतं, तिथे समासात खूण करा. प्रत्येक धड्यात ती वेगळ्या बाकाकडे वळते. अफजलखान आणि औरंगजेब आले की मुस्लिम मुलाकडे. वसईची मोहीम आली की ख्रिश्चन मुलीकडे. महाडचा सत्याग्रह आला की बौद्ध मुलांकडे, आणि तीही चोरून. संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला की गुजराती मुलाकडे. फाळणी आली की सिंधी आणि मुस्लिम, दोघांकडे, पण दोन निराळ्या नजरांनी. ही यादी तुमच्या वर्गाप्रमाणे बदलेल. ती बाईंनी किंवा सरांनी स्वतः बसून करायची असते, आयती मिळत नाही.

प्रत्येक खुणेसमोर टाचणात तीन गोष्टी लिहा. पुस्तकात नेमकं काय लिहिलं आहे. ते कोणत्या साधनावरून कळतं. आणि त्या धड्यातली 'हे आपले, ते परके' ही सरधोपट वाटणी मोडणारी एक खरी गोष्ट. तिसरी गोष्ट शोधायला वेळ लागतो, पण सगळा धडा तिच्यावर तोलला जातो.

एक उदाहरण देते. जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या चिंचणीला शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा राष्ट्रकूट काळातला ताम्रपट सापडला. संजाणच्या मुलखावर तेव्हा ताजिक, म्हणजे अरब वंशाचा अधिकारी होता. त्याचं नाव मुहम्मद, ताम्रपटात ते 'मधुमती' असं येतं. त्याच्या संमतीने एका देवीच्या मठाला दान दिल्याची नोंद त्या पत्र्यावर आहे. सहावीत प्राचीन भारत शिकवताना हा ताम्रपट मी पाच मिनिटं सांगते. 'मुसलमान आले ते तलवार घेऊनच' हे वाक्य घरून ऐकून आलेला मुलगा आणि ते वाक्य मुकाट्याने सोसणारा मुलगा, दोघेही तेव्हा सरळ बसतात.

मुलं ओळखायची, पण कशी

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात-धर्म लिहिलेला असतो. इतिहास शिकवण्यासाठी ते रजिस्टर उघडू नका. एकदा तो रकाना डोक्यात बसला की तुमचीच मान वळायला लागते. 'गाव कुठलं रे तुझं?' हा आपल्याकडचा अगदी आपुलकीचा प्रश्न, पण वर्गात तो सर्वांदेखत विचारला की काही मुलांना त्यात जात विचारल्याचं ऐकू येतं, आणि त्यांचं ऐकणं चूक नसतं.

त्याऐवजी पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायची सक्ती नाही. प्रश्न तीनच: घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात? घरातलं सगळ्यांत मोठं माणूस लहानपणी कुठे राहायचं? तुमच्या घरातलं पहिलं माणूस ठाण्यात कशासाठी आलं? चिठ्ठ्या गोळा करून फक्त कारणं फळ्यावर लिहायची. कंपनीत नोकरी, लग्न, बदली, मुंबईत भाडं परवडेना, गावी पाणी नव्हतं, दंगल, फाळणी. एका वर्षी एका चिठ्ठीवर होतं, 'आम्ही कुठून आलो नाही. आम्ही हितेच होतो.' कोळीवाड्यातलं अक्षर असणार. उरलेला सगळा वर्ग ते वाक्य वाचून गप्प झाला, कारण फळ्यावर बाकी सगळे कुठून ना कुठून आलेलेच होते. वर्षाचा पहिला तास म्हणून याहून चांगला तास मला साधलेला नाही.

माझी एक चूक इथेच सांगते. येऊरकडून येणाऱ्या एका मुलीला मी कौतुकाने उभं केलं आणि म्हटलं, 'सांग बघू सगळ्यांना, तुमच्यात चौक कसा लिहितात.' चौक म्हणजे वारल्यांचं लग्नात भिंतीवर काढायचं चित्र. ती उभी राहिली, बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मला सांगितलं, 'बाई, मला येत नाही चौक. आजीला येतो.' मी तिला एक मुलगी म्हणून उभं केलं नव्हतं, नमुना म्हणून उभं केलं होतं. तेव्हापासून नियम केला: कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाच्या वतीने बोलायला सांगायचं नाही. त्याने स्वतःहून हात वर केला, तर मात्र पुरा वेळ द्यायचा.

'आपण' हा शब्द जपून

'आपण जिंकलो', 'त्यांनी आपली देवळं पाडली', 'आपल्यावर राज्य केलं.' ही वाक्यं माझ्या तोंडात इतकी रुळलेली होती की ती बदलायला एक पूर्ण वर्ष गेलं. वर्गातल्या 'आपण'मध्ये बसलेली पन्नासही मुलं मावली पाहिजेत. मावत नसतील तर तो शब्द त्या वाक्यात वापरू नका.

उपाय साधा आहे. सत्तेचं नाव घ्या, धर्माचं नको. 'मुसलमान फौज' म्हणण्याऐवजी आदिलशाही फौज, मुघल फौज. 'ख्रिश्चनांनी' म्हणण्याऐवजी पोर्तुगीज सत्तेने. हे नुसतं सौजन्य नाही, तेच अचूक आहे. १६६५ साली स्वराज्यावर चालून आलेल्या मुघल फौजेचा सेनापती मिर्झाराजा जयसिंह होता, राजपूत. त्याच्या हाताखाली दिलेरखान. पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले ते त्या जयसिंहाबरोबरच्या तहात. 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असं समीकरण फळ्यावर मांडलं तर पुरंदरचा तह समजावताच येत नाही.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. पहिली म्हणजे आदर. महाराजांना 'महाराज'च म्हणायचं. निःपक्षपाती दिसावं म्हणून 'शिवाजी आला, शिवाजी गेला' असं म्हणणारे तरुण शिक्षक मी पाहिले आहेत. मराठी वर्गात ते कानाला खुपतं आणि त्याने कुठल्याच मुलाचं भलं होत नाही. दुसरी म्हणजे खरेपणा. देवस्थानांना उपद्रव झाला, पोर्तुगिजांनी धर्मांतरं लादली, हे असेल तिथे सांगायचं. कुणी केलं, कधी केलं, कोणत्या हेतूने, हे सगळं सांगायचं. गाळलेला भाग मुलं गल्लीत ऐकतात, आणि तिथे तो दहापट तिखट करून सांगितला जातो. ज्याने केलं त्याचा हिशेब त्याच्याकडे, सातवीतल्या पोराकडे नाही, हे मी वर्गात याच शब्दांत बोलते.

'कशावरून?'

सातवीच्या पुस्तकाचा पहिला धडाच इतिहासाच्या साधनांचा आहे: भौतिक, लिखित, मौखिक, आणि त्यांचं मूल्यमापन. हा धडा बहुतेक शाळांत एका तासात उरकतात, कारण त्याला गोष्ट नाही. माझी विनंती आहे, त्याला चार तास द्या. सरमिसळ वर्गाला धरून ठेवणारं दुसरं काहीही मला सापडलेलं नाही. कारण साधनासमोर सगळी मुलं सारखी होतात. कुणाच्या आजोबांनी काय सांगितलं, कुणाच्या मोबाइलवर काय आलं, सगळ्यांना एकच प्रश्न: कशावरून?

आमच्या वर्गात हा प्रश्न मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. त्याखाली तीन पोटप्रश्न: कुणी लिहिलं? कधी लिहिलं, घटनेच्या वेळी की शंभर वर्षांनी? कुणासाठी लिहिलं? बखर, फर्मान, पोवाडा, प्रवाशाचं वर्णन, सगळ्यांना हीच चाळणी. व्हॉट्सॲपवरचा संदेशही तिच्यातूनच जातो, आणि बहुधा पहिल्याच प्रश्नाला अडकतो. पुढे दहावीत इतिहासलेखनाचे धडे येतात तेव्हा ज्यांना सातवीत ही सवय लागली आहे त्यांना ते जड जात नाहीत.

प्रतापगड, आता मी कसा घेते

नऊ नावांच्या चिठ्ठ्या करते: कान्होजी जेधे, जिवा महाला, सिद्दी इब्राहिम, पंताजी गोपीनाथ, अफजलखान, सय्यद बंडा, कृष्णाजी भास्कर, खंडोजी खोपडे, मंबाजी भोसले. फळ्यावर दोन रकाने, महाराजांकडचे आणि खानाकडचे. पुस्तक बंद. प्रत्येक गटाने फक्त नाव वाचून चिठ्ठी कुठे जाईल ते ठरवायचं.

दरवर्षी एकच होतं. सिद्दी इब्राहिमची चिठ्ठी खानाकडे जाते. खोपडे, भोसले आणि कृष्णाजी भास्कर महाराजांकडे जातात. मग मी एकेक चिठ्ठी उचलून योग्य रकान्यात लावते. सिद्दी इब्राहिम महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत होता. कृष्णाजी भास्कर खानाचा वकील. मंबाजी भोसले महाराजांच्याच भाऊबंदांतले, खानाच्या फौजेत. खोपडे मावळातले देशमुख, खानाला मिळालेले. वर्गात गलका होतो. तो होऊ द्यायचा.

मग खरा प्रश्न: जेधे आणि खोपडे, दोघेही मावळातले देशमुख. दोघांवरही आदिलशाहीचा दाब सारखाच, खानाला सामील व्हा असं फर्मान जेध्यांना आलेलंच होतं. मग एक इकडे आणि एक तिकडे का? मुलं बोलायला लागतात: वतन जाईल म्हणून, भीती, इमान, फायदा, महाराजांवरचा विश्वास. जेधे वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह महाराजांपाशी आले, हे मी सर्वांत शेवटी सांगते. एवढी माणसं पणाला लावून महाराजांच्या मागे का उभी राहिली, हा विचार मुलं स्वतः करतात. महाराज त्यांना पूर्वीपेक्षा मोठे दिसतात, आणि मान कुणाकडेच वळत नाही.

इथे एक धोका आहे. सिद्दी इब्राहिम किंवा आरमाराचा दौलतखान यांची नावं मुस्लिम मुलाकडे बघून, 'बघ, तुमच्यातलेही होते हं' अशा सुरात घेऊ नका. ती नावं दिलासा देण्यासाठी नाहीत. ती त्या घटनेतली माणसं आहेत, म्हणून घ्यायची.

वसईच्या मोहिमेला हीच रीत थोडी बदलून वापरते. तिथे मी एका वस्तूपासून सुरुवात करते: घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा देशावर आणल्या गेल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आजही टांगलेल्या आहेत. फोटो दाखवून विचारते: ही घंटा आणणाऱ्या सैनिकाला काय वाटलं असेल? ज्या गावात ती रोज वाजायची, तिथल्या कोळणीला काय वाटलं असेल? कारण त्या चर्चमध्ये जाणारे बहुसंख्य लोक पोर्तुगीज नव्हतेच. ते इथलेच कोळी, आगरी, कुणबी, भंडारी होते, घरात मराठी बोलणारे. त्यांच्यातल्याच समाजाने पुढे १८८७ च्या सुमारास 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. आमच्या वर्गातल्या एका ईस्ट इंडियन मुलीने तेव्हा तिच्या आजीचं लग्नातलं गाणं म्हणून दाखवलं होतं, स्वतःहून. कोळीवाड्यातल्या दोघींनी पुढची ओळ पकडली.

जातीचे धडे

हे सगळ्यांत अवघड. महाडच्या धड्याला वर्गात एक विचित्र शांतता पसरते. काही मुलांना अभिमान वाटतो पण तो दाखवावा की नाही कळत नाही. काहींना वाटतं, हे आता कशाला.

मी धडा पाण्यापासून आणि कागदापासून सुरू करते. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर होतो: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकाही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव करते. मुलांना विचारते, मग प्रश्न मिटला? बरीच मुलं हो म्हणतात. मग २० मार्च १९२७. ठराव होऊन वर्षं लोटली तरी त्या तळ्याचं पाणी घ्यायला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं. आणि तळ्याच्या हक्कावरून न्यायालयात गेलेला वाद मुंबई उच्च न्यायालयात संपला तो १९३७ मध्ये. कागदावर हक्क असणं आणि ओंजळीत पाणी येणं यांत किती वर्षं गेली, ते मुलं बोटांवर मोजतात.

'आपल्या वर्गात कुणाला असा अनुभव आहे का' हा प्रश्न कधीही विचारू नका. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे हे सवर्ण कार्यकर्ते या लढ्यात होते, हेही सांगा, पण शेवटी. आधी ज्यांनी ओंजळ भरली त्यांचं. क्रम उलटा केलात तर ज्यांचा लढा त्यांनाच पाहुणे करून टाकाल.

संयुक्त महाराष्ट्राबद्दल थोडक्यात. १९५६ मध्ये झालेलं द्वैभाषिक मुंबई राज्य मराठी माणसाला नको होतं, तसंच ते गुजराती माणसालाही नको होतं. तिकडे इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ उभी होती. १ मे १९६० हा दोन राज्यांचा जन्मदिवस. हुतात्म्यांचा धडा पूर्ण ताकदीने शिकवा आणि हे एक वाक्य जोडा. गुजराती मुलाचा बाक लगेच वर्गात परत येतो.

दिवाळीनंतर: पायी फिरून शिकायचं ठाणं

नोव्हेंबर-डिसेंबरात ऊन सोसतं. जांभळी नाक्यावर कौपीनेश्वर मंदिर, समोर मासुंदा तलाव, तलावाच्या काठाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, पुढे टेंभी नाक्याच्या परिसरात अग्यारी आणि १८७९ मध्ये बांधलेलं ज्यूंचं सिनेगॉग, आणि शेवटी ठाणे मध्यवर्ती कारागृह, म्हणजेच ठाण्याचा किल्ला. एवढं सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात असलेली शहरं फार नाहीत. मुलं रोज त्यावरून जातात आणि त्यांना ते दिसत नाही.

तयारी अशी. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी संमती. सिनेगॉग आणि चर्चला महिनाभर आधी पत्र द्या, शुक्रवार संध्याकाळ, शनिवार आणि रविवार सोडून. अग्यारीत पारशांखेरीज कुणाला जाता येत नाही, म्हणून फाटकाबाहेर थांबायचं आणि का थांबलो ते मुलांना सांगायचं. तुरुंग बाहेरूनच, फोटो काढायचे नाहीत. तीस मुलांमागे तीन मोठी माणसं. पाण्याच्या बाटल्या. प्रत्येक गटाला एकच कामाचा कागद: या जागी कोणत्या भाषांत काय कोरलं आहे? सन कोणता लिहिला आहे, शके, इसवी की आणखी काही? इमारत आज कशासाठी वापरतात आणि पूर्वी कशासाठी वापरत असतील?

सिनेगॉगपाशी बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची गोष्ट सांगा. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरात मराठी, आडनावं गावांवरून पेणकर, केहिमकर. सणाला पोह्यांचा मलिदा. हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात: पोहे, आणि तेही इस्रायलच्या नावाच्या समाजात.

किल्ल्यापाशी जास्त वेळ ठेवा. त्याचं बांधकाम पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास सुरू केलं. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते आणि १८१६ मध्ये इथूनच निसटले. १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथे फाशी झाली. भिंत तीच, मालक बदलत गेले. परत आल्यावर मुलांना त्या भिंतीच्या तोंडून एक पान लिहायला सांगा. घटक चाचणीच्या कुठल्याही उत्तरापेक्षा त्या पानांतून तुम्हाला वर्ग जास्त कळेल.

घरातल्या माणसांची मुलाखत

मौखिक साधन म्हणून आजी-आजोबांची मुलाखत हा सुट्टीतला अभ्यास. प्रश्न ओळखीचे नकोत, वस्तूंचे आणि कामाचे हवेत. 'तुम्ही कोण?' यापेक्षा 'ठाण्यात आलात तेव्हा पाणी कुठून भरायचात?', 'पहिला पगार किती होता आणि त्यातून काय घेतलंत?', 'गावी चिठ्ठी कोण लिहून द्यायचं?' नळावरच्या रांगेची आठवण राबोडीतल्या आजीकडेही असते आणि लोकमान्य नगरातल्या आजोबांकडेही. ती शेजारी शेजारी वाचली की मुलांना आपोआप तुलना सुचते.

नवी मुंबईतल्या शिक्षकांच्या हाती तर जिवंत इतिहास आहे. माझी एक मैत्रीण घणसोलीत शिकवते. तिच्या वर्गात गावठाणातली आगरी मुलं, माथाडी कामगारांची नातवंडं आणि सेक्टरमधल्या सोसायट्यांत राहणारी निरनिराळ्या राज्यांतली मुलं एकत्र बसतात. ती एकच विषय देते: नवी मुंबई कशी झाली? सिडकोची स्थापना १९७० ची, जमीन गेली ती ९५ गावांची. आगरी आजोबा भातशेतीचं आणि मिठागरांचं सांगतात, जमीन गेलेल्यांच्या जानेवारी १९८४ च्या जासईच्या आंदोलनाचं सांगतात, त्याचे नेते दि. बा. पाटलांचं, गोळीबारात गेलेल्या पाच जणांचं आणि पुढे मिळालेल्या साडेबारा टक्के विकसित जमिनीचं. माथाडी आजोबा पाठीवरच्या पोत्याचं आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचं. सोसायटीतली आजी म्हणते, आम्ही आलो तेव्हा रस्ते होते, माणसं नव्हती. तिन्ही खरं. तिन्ही वह्या एका टेबलावर ठेवून मैत्रीण मुलांना विचारते, पुस्तकात दोन ओळींची जागा असेल तर तुम्ही काय लिहाल? ते ठरवता ठरवता तिच्या वर्गाचे दोन तास सहज जातात.

या कामात जखमाही उघडतात. १९९२-९३ च्या दंगलीनंतर घर सोडून आलेली कुटुंबं मुंब्रा-कौशापासून ठाण्यापर्यंत सगळीकडे आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत उतरलेल्यांची नातवंडं आहेत. असं काही वहीत आलं तर ते वर्गात वाचून दाखवू नका. मुलाला बाजूला घेऊन विचारा, हे फक्त माझ्यापाशी ठेवू का? तो म्हणेल तसं करा. 'घरच्यांनी सांगितलं नाही' हेही पूर्ण उत्तर धरा, गुण कापू नका.

कुणी काही लागट बोललं तर

बोलणारच. तेव्हा दोन प्रकार वेगळे ओळखा. दावा असेल, उदाहरणार्थ 'अमुक लोकांनी नेहमी गद्दारी केली', तर आवाज न चढवता म्हणा, 'हे वाक्य आपण फळ्यावर लिहू. नेहमी म्हणजे कधी कधी? कशावरून?' वाक्यावर बोलायचं, मुलावर नाही. उत्तर तुम्हाला तिथल्या तिथे येत नसेल तर 'उद्या बघून येते' म्हणा आणि उद्या खरंच घेऊन या. शिक्षकाने शब्द पाळला की मुलं दाव्यांबद्दल आपोआप सावध होतात.

वर्गातल्या एखाद्या मुलाला जातीवरून, धर्मावरून, 'भैया', 'पाकिस्तानी' असं हिणवलं असेल तर तिथे चर्चा नाही. 'हे या वर्गात चालणार नाही' एवढं बोलून धडा पुढे न्यायचा आणि तास संपल्यावर दोघांशी वेगवेगळं बोलायचं. ज्याला लागलं त्याच्याशी आधी. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, त्याने लागलेला मुलगा दुसऱ्यांदा उघडा पडतो.

शिवजयंतीचं नाटक आणि पालक

१९ फेब्रुवारीला प्रवेश बसवता तेव्हा खानाचं काम मुस्लिम मुलाला देऊ नका. आणि महाराजांचं काम त्याला मिळणारच नाही, असंही करू नका. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात, कुणाला काय येईल ते येईल. दोन वर्षांपूर्वी जिजाऊंची चिठ्ठी राबोडीतल्या एका मुलीला आली. तिच्या अम्मीने नऊवारी शेजारणीकडून आणली, स्वतः नेसवली, आणि पदर नीट बसेना म्हणून मला स्टाफरूममधून बोलावून घेतलं.

पालकांशी बोलणं जूनच्या पहिल्या पालकसभेतच करून ठेवा, तक्रार आल्यावर नव्हे. या वर्षी कोणते धडे आहेत, मी ते कसे घेणार, क्षेत्रभेट कुठे, मुलाखतीचा अभ्यास कसला, हे एका पानावर मराठी आणि हिंदीत, गरज असेल तिथे उर्दूतही. कुणी चिडून आलंच तर पुस्तक आणि टाचण वही समोर ठेवा. घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करण्याचं कर्तव्य आहे आणि ते पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेलं असतं. ते पान उघडून दाखवलं की बहुतेक बोलणी शांत होतात. मुख्याध्यापकांना आधीच कल्पना दिलेली असली की तुम्ही एकट्या पडत नाही.

परीक्षेबद्दल एवढंच: बोर्डात पुस्तकातलं उत्तर लिहायचं, हे मुलांना स्वच्छ सांगा. घटक चाचणीत मात्र एक साधन द्या, फर्मानाचा उतारा किंवा घंटेचा फोटो, आणि त्यावर एक प्रश्न. सराव तिथे होतो.

मार्चमध्ये

वर्ष संपताना पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांना एक वही द्या. कोणत्या धड्याला मान वळली, कोणती चिठ्ठी नेहमी चुकीच्या रकान्यात गेली, कोणत्या प्रश्नावर वर्ग बोलता झाला, फिरताना कुठे परवानगी लवकर मिळते, कुठे मुलं थकतात. मुलांची नावं त्यात लिहायची नाहीत, जात-धर्म तर नाहीच. माझ्या वहीत प्रतापगडाच्या पानावर सात वर्षांच्या नोंदी आहेत, आणि सिद्दी इब्राहिमची चिठ्ठी अजून दरवर्षी आधी खानाकडेच जाते.